जुनी रॅम, नवा प्रोसेसर: कोणता भाग कोणाला चालतो?

प्रश्न नांदेडच्या एका फोटो स्टुडिओचालकांचा आहे. लग्नाचे व्हिडिओ ते सध्या सातव्या पिढीच्या कोअर आय५ वर एडिट करतात आणि ते मशीन आता दमलं आहे. नवं मशीन स्वतःच असेंबल करायचं ठरवून त्यांनी यादी केली: रायझन ५ ७५००एफ प्रोसेसर, बी६५० चिपसेटचा (म्हणजे बोर्डवरची मुख्य चिप) लहान आकाराचा, म्हणजे मायक्रो-एटीएक्स मदरबोर्ड, तीन पंख्यांचं आरटीएक्स ५०६० ग्राफिक कार्ड, १ टीबीची एनव्हीएमई एसएसडी (बोर्डवरच बसणारी वेगवान डिस्क) आणि एक टॉवर कूलर (प्रोसेसर थंड ठेवणारा उंच पंखा). जुन्या मशीनमधून घ्यायच्या गोष्टी: डीडीआर४ (चौथ्या पिढीच्या) रॅमच्या ८ जीबीच्या दोन स्टिक, ४५० वॅटचा एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा), कॅबिनेट आणि हार्ड डिस्क. दुकानदार म्हणाला, "सगळं बसेल." यांनी विचारलंय, खरंच सगळं एकमेकांना चालेल का?

या यादीत हे मशीन चालू होणार नाही. बी६५० बोर्डवर डीडीआर४ रॅम बसतच नाही. पण तेवढंच सांगून थांबलो तर तुम्ही फक्त रॅम बदलाल आणि पुढच्या अडचणी सामान घरी आल्यावर कळतील. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मी पुण्यात मशीन असेंबल करून देतो आणि दुसऱ्यांनी असेंबल केलेली, पण चालू न होणारी मशीनही माझ्याकडे येतात. त्यावरून एक गोष्ट पक्की झाली आहे. कुठलाही भाग निवडताना तीन प्रश्न वेगवेगळे विचारायचे. तो जागेवर बसतो का? बसल्यावर मशीन चालू होऊन डिस्प्ले येतो का? आणि डिस्प्ले आल्यावर तो भाग पुऱ्या ताकदीनं चालतो का? दुकानात "बसेल" म्हणतात तेव्हा बहुतेक वेळा पहिल्याच प्रश्नाचं उत्तर मिळालेलं असतं. तुमच्या बाबतीत तर तेही पूर्ण मिळालेलं नाही.

सगळं अडलंय ते रॅमवर

तुम्ही प्रोसेसरपासून सुरुवात केलीत, सगळेच करतात. पण तुमच्या हाताशी आधीपासून असलेली रॅम हाच इथे ठरवणारा भाग आहे. प्रोसेसर, मदरबोर्ड आणि रॅम या तिघांची निवड एकत्रच करावी लागते. यातला एक ठरला की उरलेल्या दोघांचे बरेचसे पर्याय आपोआप कमी होतात.

तुम्ही निवडलेला ७५००एफ हा एएमडीच्या एएम५ सॉकेटचा (सॉकेट म्हणजे बोर्डवरची प्रोसेसर बसवायची जागा) प्रोसेसर आहे. हे सॉकेट २०२२ मध्ये आलं आणि त्यावर फक्त डीडीआर५ चालते. डीडीआर४ आणि डीडीआर५ या दोन्हींच्या स्टिकवर २८८ पिना असतात, लांबीही तीच, त्यामुळे लांबून पाहिलं तर एकसारख्याच दिसतात. स्टिक हातात धरून सोनेरी पिनांच्या ओळीतली खाच बघा. डीडीआर५ ची खाच मध्याच्या जवळ सरकवलेली आहे, म्हणून डीडीआर४ ची स्टिक त्या स्लॉटमध्ये सरळ उतरतच नाही. ती उतरत नसेल तर जोर लावू नका. स्लॉट फुटला तर अख्खा बोर्ड जातो आणि असं नुकसान वॉरंटीत धरत नाहीत.

आता तुमच्यापुढे दोन रस्ते आहेत आणि कोणता घ्यायचा हे परिस्थितीवर आहे.

पहिला रस्ता म्हणजे एएम५ वरच राहायचं आणि डीडीआर५ नवी घ्यायची. या सॉकेटवर २०२७ पर्यंत आणि त्यापुढेही नवे प्रोसेसर देऊ, असं एएमडीनं जाहीर केलेलं आहे. तीन-चार वर्षांनी बोर्ड तोच ठेवून प्रोसेसर बदलायचा विचार असेल तर हा रस्ता चांगला. अडचण पैशाची. २०२५ च्या शेवटच्या महिन्यांपासून रॅमचे भाव जोरात चढले आहेत आणि एडिटिंगला ३२ जीबी तरी लागतेच.

दुसरा रस्ता म्हणजे डीडीआर४ घेणारा बोर्ड. त्यातही दोन पर्याय आहेत: एएमडीचं जुनं एएम४ सॉकेट, किंवा इंटेलचं एलजीए १७००. एलजीए १७०० वर बाराव्या, तेराव्या आणि चौदाव्या पिढीचे प्रोसेसर बसतात आणि त्याचे बोर्ड दोन प्रकारचे निघाले, काही डीडीआर४ चे, काही डीडीआर५ चे. एका बोर्डवर दोन्ही चालतील असं समजू नका. नाव जवळजवळ सारखं असतं, डीडीआर४ वाल्याच्या शेवटी बहुधा "डी४" किंवा "डीडीआर४" असं लिहिलेलं असतं. ऑर्डर देताना तेवढी दोन अक्षरं सुटली की चुकीचा बोर्ड घरी येतो.

तुमच्यासाठी मी एएम४ पेक्षा एलजीए १७०० सुचवीन. कारण तुमच्या रॅमचा वेग. सातव्या पिढीच्या आय५ मध्ये होती म्हणजे ती बहुधा २४०० ची आहे. रायझन प्रोसेसरच्या आतल्या भागांना जोडणारा जो दुवा असतो, त्याचा वेग रॅमच्या वेगाशी बांधलेला असतो. रॅम संथ असली की तो दुवाही संथ होतो आणि प्रोसेसरची ताकद वाया जाते. इंटेललाही वेगवान रॅम आवडतेच, पण संथ रॅमचा फटका त्याला त्या मानानं कमी बसतो.

मग प्रोसेसर कोअर आय५ १२४०० आणि बोर्ड बी७६० चिपसेटचा, डीडीआर४ चा, चार रॅम स्लॉटचा. स्वस्तात मिळतो म्हणून एच६१० चिपसेटचा बोर्ड घेऊ नका. त्यावर दोनच स्लॉट असतात आणि तुम्हाला लवकरच रॅम वाढवावी लागणार आहे. १६ जीबीवर काम सुरू होईल, पण टाइमलाइनवर चार-सहा क्लिप आणि कलर ग्रेडिंग आलं की ती संपते, मग मशीन डिस्कवर चाचपडायला लागतं. एडिटिंगमध्ये रॅम संथ असण्यापेक्षा कमी असणं जास्त जाचतं. म्हणून पैसे आले की १६ जीबीच्या दोन स्टिक घाला. जुन्या-नव्या एकत्र ठेवल्या तर सगळ्या मिळून जुन्याच वेगानं चालतील, एवढं लक्षात ठेवा. एकाच रंगाच्या दोन स्लॉटमध्ये एक जोडी, उरलेल्या दोनमध्ये दुसरी. मग रॅम तपासणारा मेमटेस्ट८६ हा प्रोग्राम रात्रभर चालू ठेवून एकही चूक निघत नाही याची खात्री करा आणि त्यानंतरच गिऱ्हाइकाचं काम त्यावर घ्या. चूक निघाली तर जुन्या काढून टाका.

या रस्त्याची उणी बाजूही सांगतो. एलजीए १७०० ला पुढे नवा प्रोसेसर नाही, इंटेल त्यानंतर एलजीए १८५१ वर गेलं. या बोर्डवर फार तर तेराव्या-चौदाव्या पिढीतला मोठा प्रोसेसर टाकता येईल. स्टुडिओचं काम आज अडलंय आणि बजेट मर्यादित आहे, म्हणून मी हा रस्ता सांगतोय. बजेटची ओढ नसती तर एएम५ च सांगितलं असतं.

एएम५ वरच जायचं ठरवलंत तर रॅम १६ जीबीच्या दोन स्टिकमध्ये घ्या, ८ च्या चार नको. रायझन ७००० मालिकेला एएमडी अधिकृतपणे दोन स्टिकवर ५२०० चा वेग देते, चार लावल्या की तोच ३६०० वर येतो. पहिल्यांदा चालू केल्यावर स्क्रीन काही मिनिटं काळी राहिली तरी घाबरू नका. बोर्ड त्या वेळी रॅमशी जुळवून घेत असतो. मध्येच बटण दाबून बंद करू नका.

शेवटचं 'एफ' अक्षर

७५००एफ मधला 'एफ' म्हणजे प्रोसेसरच्या आत ग्राफिक्स नाही. इंटेलच्या १२४००एफ चंही तेच. वेगळं कार्ड लावणार असलात तर मशीन चालतं, पण स्टुडिओसाठी मी 'एफ' घेऊ देत नाही. सीझनमध्ये ग्राफिक कार्ड बिघडलं आणि वॉरंटीत गेलं तर 'एफ' वाल्या मशीनवर डिस्प्लेच येणार नाही. आत ग्राफिक्स असलेल्या १२४०० वर निदान ऑर्डर शोधता येईल, फोटो पाठवता येतील, हलकं एडिटिंग होईल. शिवाय असेंबल करताना कार्ड न लावताच मशीन तपासता येतं आणि दोष शोधणं सोपं जातं.

एडिटिंगसाठी आणखी एक कारण आहे. हल्लीचे बरेच मिररलेस कॅमेरे १०-बिट ४:२:२ मध्ये, म्हणजे रंगांची जास्त माहिती ठेवणाऱ्या पद्धतीत रेकॉर्ड करतात. ते एचईव्हीसी (एच.२६५) मध्ये असेल तर इंटेलच्या आतल्या ग्राफिक्समध्ये हे फुटेज उलगडण्याची सोय आहे. एनव्हिडियाच्या आरटीएक्स ४० मालिकेत ती नव्हती, ५० मालिकेत आली. म्हणजे स्वस्त मिळतं म्हणून ४०६० घेण्यापेक्षा तुमची ५०६० ची निवड बरोबर आहे. फक्त तुमच्या एडिटिंग सॉफ्टवेअरची जी आवृत्ती तुम्ही वापरता, तिच्यात ही सोय चालू आहे का, ते आधी बघून घ्या.

हे कार्ड स्लॉटच्या सोळापैकी आठच लेन (डेटा जाण्याच्या वाटा) वापरतं. पीसीआयई (कार्ड बोर्डला जोडणारा दुवा) ४.० च्या बोर्डवर आठ लेनही भरपूर होतात. पण कोणी तुम्हाला स्वस्तातला रायझन ५ ५५०० सुचवला तर तो पीसीआयई ३.० चाच प्रोसेसर आहे. कार्ड बसेल, डिस्प्लेही येईल, पण कार्डची ८ जीबी मेमरी भरली की त्या अरुंद वाटेवर काम तुंबेल. तिसरा प्रश्न विचारायचा राहिला की असं होतं.

एसएमपीएस: ४५० हा आकडा विसरा

तुमच्या यादीतली सगळ्यात धोक्याची गोष्ट हीच आहे. बाकी चुका झाल्या तर मशीन चालू होत नाही. ही चूक झाली तर चालू होतं आणि नंतर इतर भाग घेऊन जातं.

एसएमपीएसच्या बाजूला स्टिकर असतं. मोठ्या अक्षरातला ४५० सोडून द्या आणि तक्त्यात "+१२ व्ही" लिहिलेल्या रकान्यातला अँपिअरचा आकडा वाचा. प्रोसेसर आणि कार्ड दोघंही १२ व्होल्टवरच जगतात. तिथे समजा १६ अँपिअर लिहिलंय, तर १२ गुणिले १६ म्हणजे १९२ वॅट. त्या डब्यावर ४५० छापलेलं असलं तरी तुमच्या उपयोगाचे एवढेच. आता गरज बघा. १२४०० पुऱ्या ताणात ११७ वॅटपर्यंत जातो, ५०६० ला १४५ वॅट लागतात. बोर्ड, रॅम, डिस्क, पंखे धरून ३०० च्या पुढे. कार्ड क्षणभर याहून जास्त ओढतं, ते वेगळंच. एनव्हिडिया या कार्डसाठी ५५० वॅटचा एसएमपीएस सांगते आणि मीही तेवढाच सांगेन, ज्याच्या १२ व्होल्टच्या रकान्यात ४५ अँपिअरच्या आसपास आकडा आहे असा.

डब्यावर "८० प्लस" आहे म्हणजे झालं, असं धरू नका. ते मानांकन वीज किती वाया जाते एवढंच सांगतं. शॉर्ट सर्किट किंवा जास्त व्होल्टेज झालं तर तो स्वतः बंद पडून बाकी भाग वाचवतो का, हे त्यातून कळत नाही. पाच वर्षं किंवा जास्त वॉरंटी देणारा घ्या.

वायरींबद्दल दोन गोष्टी. प्रोसेसरला जाणारी ८ पिनांची वायर आणि ग्राफिक कार्डची ८ पिनांची वायर या वेगळ्या असतात. प्रोसेसरची बहुधा ४ अधिक ४ अशी दुभंगते, कार्डची ६ अधिक २ अशी. जुन्या एसएमपीएसला कार्डची वायर नसेल तर हार्ड डिस्कच्या वायरीवरून कन्व्हर्टर लावायचा सल्ला मिळतो. तो ऐकू नका, त्या वायरी तेवढा करंट घ्यायला बनवलेल्या नसतात आणि कनेक्टर वितळतात. दुसरी गोष्ट, वायरी सुट्या होणारा मॉड्युलर एसएमपीएस घेतलात तर त्याच्याच डब्यातल्या वायरी वापरा. दुसऱ्या एसएमपीएसची वायर बसते, पण डब्याकडच्या बाजूला पिनांचा क्रम कंपनीगणिक, कधी एकाच कंपनीत मॉडेलगणिक वेगळा असतो. १२ व्होल्ट चुकीच्या पिनेवर गेले की हार्ड डिस्क जळते आणि तिच्यावरचं लग्नाचं फुटेजही जातं.

याच्या मागे यूपीएस आहे, तोही बघा. घरोघरी असणारा ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅट देतो. जुन्या मशीनला तो पुरत होता. आता मशीन आणि मॉनिटर मिळून रेंडरच्या वेळी त्याच्या काठावर जातील आणि नेमकी तेव्हाच वीज गेली तर तो धरणार नाही. १००० व्हीएचा घ्या. इन्व्हर्टरवर चालवणार असाल तर साइन वेव्हचा हवा. आणि स्टुडिओच्या सॉकेटला अर्थिंग खरंच आहे का, हे इलेक्ट्रिशियनकडून एकदा तपासून घ्या. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर नवं मशीन लावण्याआधी ते काम करून घ्या.

कॅबिनेट आणि कूलर टेपनं मोजा

तुमचं कॅबिनेट सात-आठ वर्षांपूर्वीचं असणार. त्या काळच्या साध्या कॅबिनेटमध्ये पुढच्या बाजूला हार्ड डिस्कचा पिंजरा असतो. मागच्या पट्टीपासून त्या पिंजऱ्यापर्यंतचं अंतर टेपनं मोजा. तीन पंख्यांचं कार्ड ३०० मिलिमीटरच्या आसपास जातं. ५०६० ला तीन पंख्यांची काहीही गरज नाही, दोन पंख्यांचं घ्या, ते बरंच आखूड असतं. विशिष्ट मॉडेलची लांबी कंपनीच्या पानावर मिलिमीटरमध्ये दिलेली असते. पुढच्या पंख्याची जाडी मोजायला विसरू नका.

टॉवर कूलर १५५ ते १६० मिलिमीटर उंच असतात आणि अरुंद कॅबिनेटचं झाकण त्यावर लागत नाही. १२४०० च्या डब्यात कूलर मिळतो, पण लांब रेंडरला तो आवाज करतो. म्हणून टॉवर घ्या, पण उंची बघून आणि एलजीए १७०० ची क्लिप सोबत आहे हे विचारून. जुन्या इंटेल बोर्डवर कूलरची भोकं ७५ मिलिमीटरवर होती, यावर ती ७८ वर आहेत. तीन मिलिमीटरचा फरक डोळ्यांना दिसत नाही, स्क्रू मात्र लागत नाही.

मायक्रो-एटीएक्स बोर्ड २४४ बाय २४४ मिलिमीटरचा असतो, तो जुन्या कॅबिनेटमध्ये सहज बसेल. पण हवा खेळायला पुढून जाळी नसेल तर मे महिन्यात कार्ड तापून संथ होईल. मोजमाप काठावर आलं तर कॅबिनेट नवं घ्या, ओढाताण करू नका.

डिस्क आणि विंडोज

एनव्हीएमई एसएसडीबद्दल फार सांगण्यासारखं नाही, २२८० मापाची (८० मिलिमीटर लांब) घ्या, कोणत्याही बी७६० वर चालेल. काही बोर्डवर ठरावीक एम.२ स्लॉट (एनव्हीएमई एसएसडी बसते तो) वापरला की एखादा साटा पोर्ट (हार्ड डिस्क जोडतात तो) बंद होतो. जुनी हार्ड डिस्क दिसली नाही तर ती बिघडली असं समजण्याआधी मॅन्युअल उघडा. जुनं विंडोज नव्या मशीनवर तसंच उचलून आणू नका. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, विंडोज ११ कोरं टाका. ते टीपीएम (सुरक्षेची एक सोय) मागतं, ती या बोर्डच्या बायोसमध्येच (बोर्डच्या आतला, मशीन सुरू करणारा प्रोग्राम) मिळते. जुनी डिस्क जोडण्याआधी तिच्यावरच्या फुटेजची एक प्रत दुसरीकडे काढून ठेवा.

खरेदीचा क्रम

प्रोसेसर, बोर्ड आणि कूलर शक्यतो एकाच दुकानातून घ्या, मग मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो की नांदेडमधलं ओळखीचं दुकान. डिस्प्ले आला नाही तर दोन दुकानदार एकमेकांकडे बोट दाखवत नाहीत. बिलावर जीएसटी क्रमांक आणि प्रत्येक भागाचा सीरियल नंबर लिहून घ्या. घेण्याआधी बोर्डच्या कंपनीच्या पानावर प्रोसेसरची यादी उघडा. तिथे तुमच्या प्रोसेसरसमोर कोणत्या बायोसपासून चालतो ते लिहिलेलं असतं. बी७६० वर १२४०० ला अडचण येत नाही. मात्र जुना बी६६० बोर्ड आणि चौदाव्या पिढीचा प्रोसेसर अशी जोडी कोणी दिली तर दुकानातच बायोस अपडेट करून मागा, किंवा प्रोसेसर न लावता पेनड्राइव्हवरून अपडेट होणारा बोर्ड बघा.

घरी आल्यावर सगळं थेट कॅबिनेटमध्ये घालू नका. बोर्ड त्याच्याच खोक्यावर ठेवा. सॉकेटमधल्या पिना उघड्या असतात, त्यांना बोट लागू देऊ नका. प्रोसेसर, कूलर आणि रॅमची एकच स्टिक, प्रोसेसरकडून दुसऱ्या स्लॉटमध्ये. मॉनिटर बोर्डच्या पोर्टला. डिस्प्ले आला की दुसरी स्टिक चौथ्या स्लॉटमध्ये, मग एसएसडी, मग सगळं कॅबिनेटमध्ये आणि शेवटी ग्राफिक कार्ड. कार्ड लावल्यावर मॉनिटरची वायर बोर्डवरून काढून कार्डला लावायची.

आता तुमच्याकडून मला दोन आकडे हवेत: जुन्या एसएमपीएसच्या स्टिकरवरचे १२ व्होल्टचे अँपिअर, आणि कॅबिनेटमधलं मागच्या पट्टीपासून पिंजऱ्यापर्यंतचं अंतर. पहिला आकडा केवळ जुना एसएमपीएस दुसऱ्या एखाद्या साध्या मशीनला चालेल का हे सांगण्यासाठी, या मशीनला तो लावायचा नाहीच. दुसरा कळला की ५०६० चं कोणतं मॉडेल घ्यायचं ते सांगतो. तोवर कार्डची ऑर्डर थांबवा.